आकसपट्टी

माझ्या पट्टीवरचा फूट
बाजारातल्या फुटाहून एक सूत मोठा.
फसवणूक नाही ती. लोखंड निवताना आकसतं,
म्हणून लाकडात आधीच थोडं वाढवून द्यायचं.
मकरपुऱ्याच्या शेडमध्ये पहिल्याच दिवशी
जशुभाई पांचाळांनी भुशात उभं करून सांगितलं होतं:
आकस म्हणजे राग नव्हे रे शिर्के,
आकस म्हणजे थंड होणं.

तेव्हा पंपाच्या पोटावर नाव असायचं, रेवाकांठा.
गुजराती अक्षरं, मीच कोरलेली, शिसवात.
पॅटर्नवर सुलटी, वाळूत उलटी,
लोखंडात परत सुलटी.
काठावरचा अनुस्वार ओतताना दर वेळी बुजायचा.
किशोरकांतशेठ म्हणायचे, राहू दे,
टिंब काय पाणी ओढतंय?

मग जर्मन आले.
त्यांनी नक्की काय विकत घेतलं
हे कळायला मला वर्ष लागलं.
जमीन नाही, ती जीआयडीसीची, पट्ट्यावर.
माणसं नाहीत, माणसं विकता येत नाहीत, वकील हसून म्हणाले.
मशिनं भंगाराच्या भावात.
घेतलं ते नाव. सतरा कोटींचा नावलौकिक.
आणि सह्या झाल्यावर मला पहिलं काम दिलं:
नाव उतरव.

एकशे बारा पॅटर्न. पटाशी घातली.
काही अक्षरं अखंड निघाली, काही कपच्यांनी.
अनुस्वार तर कित्येकांवर सापडलाच नाही.

शेठनी करारात लिहून दिलं होतं,
पाच वर्षं पंप बनवणार नाही,
बनवणाऱ्याला सल्ला देणार नाही.
संध्याकाळी सुरसागरच्या कठड्याशी भेटायचे.
इंपेलरमध्ये अजून फुगे येतात का?
एवढंच विचारायचे.
शेठ, उत्तरावर तुम्ही काही बोललात तर तो सल्ला होईल.
मग आम्ही शेव-उसळ खायचो,
ते रस्सा जास्त मागायचे.

नऊ वर्षांनी जर्मनांनी पंप विकले कोइमतूरला,
व्हॉल्व्ह ठेवले स्वतःकडे.
शेडच्या मधोमध भिंत उठली, ठोकळ्यांची, दोन दिवसांत.
घड्याळ पंपांकडे गेलं, पाण्याची टाकी व्हॉल्व्हकडे.
मंजुबेन कॅन्टीनच्या खिडकीतून दोन्हीकडे वाढतात,
खिचडी-कढी इकडे तीस, तिकडे बत्तीस,
का, ते त्यांनाही माहीत नाही.

करारातले शब्द मला पाठ झाले:
जसे आहे, जेथे आहे, चालू स्थितीत.
परिशिष्ट चार, पान दोनशे अकरा:
लेथ, क्रेन, भट्टी, पंखे सव्वीस (दोन बंद).
भिंत मात्र छतापर्यंत गेलीच नाही,
कारण वर माळा आहे, पॅटर्नचा,
अर्धा इकडे, अर्धा तिकडे,
आणि शिडी एकच.
तो माळा कुठल्याच यादीत नाही.

मी दोन्ही यादीत आहे.
इकडे एम. बी. शिर्के,
तिकडे शिरके मल्हारराव, सुतारकाम.
ओळखपत्रं दोन, पगार एक.
तो कोणी द्यायचा यावर मेल चालू आहेत.

परवा किंमत ठरवायला मुलगी आली, धरती कोठारी,
नवीन बूट, हातात स्टीलचा टेप.
माळ्यावर चढली, धूळ झटकून मोजायला बसली.
ड्रॉइंगशी ताडून बघितलं, एकदा, परत एकदा.
काका, हे सगळेच थोडे मोठे आहेत.
मी म्हटलं, हो.
तिने थोडा वेळ वाट पाहिली,
मग प्रत्येकासमोर लिहिलं: माप चुकीचे. मूल्य शून्य.
एकशे बारा वेळा.
चांगलं अक्षर होतं तिचं,
अनुस्वार एकही सुटला नव्हता.

खाली दोन्हीकडून कोणीतरी हाका मारत होतं,
झालं का, झालं का.
मी उतरलो आधी,
आणि ती उतरेपर्यंत
शिडी धरून उभा राहिलो.